खोडदची जाळी, माळशेजचे धुके आणि दक्षिण ध्रुव

जुन्नर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. ते दरवर्षी विज्ञान दिनाला मुलांना खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण दाखवायला नेतात. या वेळी अकरावीतल्या एका मुलीने त्यांना विचारले: विश्वाच्या सुरुवातीचा प्रकाश पाहायला लोक दक्षिण ध्रुवावर दुर्बीण बांधतात, मग आपल्या या तीस तबकड्यांना तो का दिसत नाही? सरांनी त्यात स्वतःचे दोन प्रश्न घातले. तो प्रकाश नेमका कशाचा, आणि नारळीकरांना महास्फोट पटत नव्हता हे खरे का? आणि या मुलीला हेच काम करायचे असेल तर तिने काय शिकावे?

सर, मी गेली १८ वर्षे अशा दुर्बिणींच्या कॅमेऱ्यांवर काम करते. त्यांतले अतिशीत संवेदक तपासायचे, जोडायचे, बसवायचे. ध्रुवावर दोन उन्हाळी हंगाम काढलेत. हिवाळा काढलेला नाही, त्यामुळे हिवाळ्याबद्दल जे सांगेन ते तिथे राहिलेल्या सहकाऱ्यांकडून कळलेले. मुलीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे, म्हणून तिच्या प्रश्नापाशीच जास्त थांबते.

खोडदच्या तबकडीखाली उभे राहून वर पाहिले की तबकडीतून आकाश दिसते. ४५ मीटर व्यासाची ती तबकडी पत्र्याची नाही, बारीक पोलादी तारांची जाळी आहे, आणि जाळीची भोके एक ते दोन सेंटिमीटरची. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती मुद्दाम तशी आखली: वजन कमी, वाऱ्याचा मार कमी, खर्च आटोक्यात. जीएमआरटी ज्या रेडिओ लहरी पकडते त्यांची लांबी साधारण २० सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत. एवढ्या लांब लहरीला ती जाळी अखंड भिंतीसारखीच असते, ती त्यावरून परत फिरते. विश्वाच्या सुरुवातीचा तो प्रकाश, ज्याला आम्ही पार्श्वभूमी प्रारण म्हणतो, मात्र सर्वांत प्रखर असतो तो १६० गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे लहर जेमतेम दोन मिलिमीटरची. चाळणीतून पीठ पडावे तशी ती त्या जाळीतून निघून जाते. लांब लहरींमध्येही हे प्रारण असतेच, पण तिथे आपल्या आकाशगंगेचाच कोलाहल इतका की त्यात ते बुडून जाते. जीएमआरटीचे हे उणेपण नाही. पल्सार, दूरचा हायड्रोजन, दीर्घिकांमधले चुंबकीय क्षेत्र यांसाठी ती बांधली आणि त्या कामात ती जगातल्या पहिल्या रांगेत आहे.

आता समजा, खोडदलाच गुळगुळीत पत्र्याची तबकडी बसवली. तरी काम होणार नाही, कारण मधे हवा आहे.

जोराचा पाऊस आला की गच्चीवरची छत्री बंद पडते आणि टीव्हीवर सिग्नल नसल्याची पाटी येते, हे मुलांनी पाहिलेले असते. ती १२ गिगाहर्ट्झच्या आतबाहेरची लहर, तिला पावसाचे थेंब अडवतात. लहर आणखी आखूड झाली की थेंबांचीही गरज उरत नाही, डोळ्यांना न दिसणारे बाष्पच पुरते. आणि बाष्प नुसते अडवत नाही. जे शोषते ते त्याच लहरीत उत्सर्जनही करते, त्यामुळे दमट हवा आमच्या कॅमेऱ्याला कंदिलासारखी उजळलेली दिसते. हवा अडीचशे-तीनशे केल्विनची. आम्हाला मोजायचे आहे २.७ केल्विनचे प्रारण, आणि तेही सरसकट नाही, तर त्यातले लाखाव्या हिश्श्याचे चढउतार.

डोक्यावरच्या हवेतले सगळे बाष्प गाळून जमिनीवर ओतले तर किती उंच पाणी साचेल, हे आमच्या कामातले रोजचे माप. जुलैत मुंबईवर ते ६० मिलिमीटरच्या घरात असते. ध्रुवावर हिवाळ्यात ते अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली जाते. हवा एवढी गार की तिला बाष्प धरताच येत नाही. बर्फाच्या पावणेतीन किलोमीटर जाड थरावर उभे असूनही तो प्रदेश म्हणजे वाळवंट आहे. वर्षाला साधारण २० सेंटिमीटर बर्फ साचतो, पण तो वितळत नाही म्हणून वाढत जातो.

पुष्कळांना वाटते की दुर्बीण थंड राहावी म्हणून ध्रुवावर नेली. तसे नाही. हिवाळ्यातले उणे ६० अंश सेल्सिअस म्हणजे २१३ केल्विन, आमच्या संवेदकांच्या दृष्टीने ती भट्टीच. आम्हाला तिथला कोरडेपणा हवा असतो, थंडी त्याच्याबरोबर येते.

कोरडेपणाइतकीच महत्त्वाची आहे स्थिरता, आणि वर्तमानपत्रांतल्या लेखांत तिचा उल्लेख सहसा येत नाही. बाष्प हवेत सारखे मिसळलेले नसते, ढेकळांसारखे सरकत असते. इथे रोज सूर्य उगवतो, जमीन तापते, हवा वर चढते, संध्याकाळी उतरते. ध्रुवावर सूर्य वर्षातून एकदा उगवतो आणि एकदा मावळतो. मार्च ते सप्टेंबर सहा महिने अंधार, जमीन तापणेच नाही, त्यामुळे हवा तळ्यातल्या पाण्यासारखी पडून राहते. शिवाय तिथे आकाश डोक्यावरच्या बिंदूभोवती जात्यासारखे फिरते. कुठलाही तारा क्षितिजापासून ज्या उंचीवर आहे त्याच उंचीवर राहतो, ना उगवतो ना मावळतो. निवडलेला आकाशाचा तुकडा चोवीस तास, वर्षानुवर्षे समोर. इतका मंद संकेत एका रात्रीत मिळत नाही. तोच तुकडा हजारो वेळा पाहून, सगळ्या नोंदींची सरासरी काढून गोंगाट उतरवावा लागतो, आणि पृथ्वीच्या पाठीवर त्यासाठी याहून सोयीची जागा नाही.

तिथे अमेरिकेचे अमुंडसेन–स्कॉट केंद्र आहे. उंची सुमारे २८३५ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोन पट, पण हवेचा दाब कमी असल्याने शरीराला ती त्याहून बरीच जास्त जाणवते. पहिले दोन-तीन दिवस जिना चढतानाही थांबावे लागते. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चहून मॅकमर्डो, आणि तिथून घसरपट्ट्या लावलेल्या विमानाने ध्रुव. केंद्रापासून सुमारे एक किलोमीटरवर ‘डार्क सेक्टर’ नावाचा पट्टा राखलेला आहे, जिथे रेडिओ प्रक्षेपणाला बंदी आहे. तिथेच साउथ पोल टेलिस्कोप, एसपीटी, उभी आहे. १० मीटर व्यासाची तबकडी, २१८ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जुळवून केलेली, आणि तिचा पृष्ठभाग केसाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका अचूक. शिकागो विद्यापीठाचे जॉन कार्लस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखाली ती बांधली गेली आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तिने पहिल्यांदा आकाश पाहिले. सगळे भाग विमानात मावतील एवढे करून न्यावे लागले.

मला स्वतःला या रचनेतली एक गोष्ट फार आवडते. दुरुस्तीची वेळ आली की तबकडी खाली झुकते आणि कॅमेऱ्याची खोली खालच्या इमारतीच्या छताला येऊन टेकते. छत सरकते आणि उबदार खोलीतून थेट कॅमेऱ्यापर्यंत चढता येते. उणे ६० अंशांत जाड हातमोज्यांनी स्क्रू फिरवायची वेळ येऊ नये, एवढा विचार आखणाऱ्यांनी आधीच केलेला होता.

कॅमेऱ्याचे तत्त्व मुलांना माठावरून सांगता येईल. माठाच्या पाझरातून पाणी उडून जाते, जाताना उष्णता नेते, आत राहिलेले पाणी गार होते. आम्ही हेच द्रवरूप हेलियमवर करतो. आधी यांत्रिक शीतक सगळे काही तीन-चार केल्विनपर्यंत आणतो. मग हेलियम-३ची वाफ सक्रियित कोळशाकडून शोषून घेतली जाते, द्रव उडत राहतो आणि तापमान पाव केल्विनच्या आसपास उतरते. कोळसा भरला की त्याला तापवून हेलियम सोडवायचा, पुन्हा द्रव करायचा आणि पुन्हा तेच. संवेदक म्हणजे अतिसंवाहक धातूचे चिमुकले पापुद्रे, जे अतिसंवाहक होण्याच्या नेमक्या उंबरठ्यावर धरून ठेवलेले असतात. तिथे तापमान तसूभर हलले तरी विद्युतरोध मोठा बदलतो, आणि तोच बदल आम्ही मोजतो. २०१७ पासून चालू असलेल्या सध्याच्या कॅमेऱ्यात असे सुमारे १६,००० संवेदक आहेत. ते ९५, १५० आणि २२० गिगाहर्ट्झला पाहतात, कारण पाणी आणि प्राणवायू हे दोघेही वाट सोडतात अशा फटी हवेत तिथेच आहेत.

हे काम किती चिकाटीचे आहे ते एका प्रसंगावरून सांगते. एका हंगामात कॅमेऱ्याचे निर्वात भांडे बंद करून पंप लावला आणि निर्वात काही केल्या पुरेसा उतरेना. गळती शोधायच्या यंत्राने सांधे एकेक करून तपासले. तीन दिवस गेले. शेवटी मोठे झाकण उघडले तेव्हा रबरी ओ-रिंगवर एक धागा आडवा पडलेला सापडला, पुसायच्या कापडातून सुटलेला, केसापेक्षा बारीक. झाकण मीच पुसले होते. तेव्हापासून मी ओ-रिंग बसवण्याआधी विजेरी आडवी धरून तिच्यावरून नजर फिरवते, कारण तिरप्या उजेडात धागा सावली टाकतो. तिथे तीन दिवस म्हणजे फार मोठा काळ. फेब्रुवारीच्या मध्यावर शेवटचे विमान निघते आणि ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत दुसरे येत नाही. मागे राहिलेल्या चाळीसेक माणसांत एसपीटीसाठी दोघे असतात. कॅमेरा, संगणक, तबकडीची ग्रीस, सगळे त्या दोघांवर. राहून गेलेला एक स्क्रूसुद्धा आठ महिने मिळत नाही.

आणखी एक शत्रू म्हणजे स्थिर वीज. हवा इतकी कोरडी की दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी उडते, आणि तेवढी ठिणगी नाजूक विद्युतमंडल जाळायला पुरते. म्हणून मनगटाला जमिनीशी जोडलेली पट्टी बांधल्याशिवाय कोणी पेटी उघडत नाही.

आता दुसरा प्रश्न. सर, तुमच्या भागात याचे उत्तर सांगायला माळशेज घाट आहे. पावसाळ्यात घाटात धुके असते तेव्हा उजेड सगळीकडून येतो, पण दिसत काहीच नाही, कारण प्रकाश थेंबाथेंबावर आपटून दिशा बदलत राहतो. सुरुवातीचे विश्व तसेच होते. सगळा हायड्रोजन फुटलेला, मोकळे इलेक्ट्रॉन, आणि त्यांच्यावर आपटत फिरणारा प्रकाश. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी तापमान ३००० केल्विनपर्यंत उतरले, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले आणि धुके विरले. त्या क्षणी सुटलेला प्रकाश १३.८ अब्ज वर्षे चालत आपल्यापर्यंत येतो आहे. विश्व त्यानंतर साधारण ११०० पट ताणले गेले, तशी लहरही ताणली गेली आणि ३००० केल्विनचे २.७२५ केल्विन झाले. म्हणजे आपल्याला जन्माचा क्षण दिसत नाही, धुक्याची शेवटची भिंत दिसते. मुलांना एवढे नक्की सांगा, कारण ‘महास्फोटाचा फोटो’ या शब्दांनी फार घोटाळा झाला आहे.

१९६४–६५ मध्ये न्यू जर्सीत पेन्झियास आणि विल्सन यांना हे प्रारण अँटेनातली न जाणारी खरखर म्हणून सापडले. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाने त्याचा वर्णपट आदर्श कृष्णवस्तूचा, म्हणजे फक्त तापमानावरून ठरणारा, असल्याचे दाखवले आणि लाखाव्या हिश्श्याचे चढउतारही टिपले. त्या चढउतारांतच आजच्या दीर्घिकांचे बी आहे.

एसपीटीचे वैशिष्ट्य बारकाव्यात आहे. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचे तीस भाग केले तर त्यातला एक तिला वेगळा ओळखता येतो. यामुळे एक वेगळीच गोष्ट हाती लागली. दीर्घिकांच्या मोठ्या समूहांत कोट्यवधी अंश तापलेला वायू असतो. पार्श्वभूमी प्रारण त्यातून येताना काही फोटॉन तिथल्या इलेक्ट्रॉनांकडून ऊर्जा घेऊन पुढे जातात, त्यामुळे १५० गिगाहर्ट्झला त्या जागी सावली दिसते आणि त्याहून बऱ्याच वरच्या लहरीत उजळपणा. सुन्याएव आणि झेलदोविच यांनी हे १९७०च्या सुमारास कागदावर मांडले होते. ही सावली समूह दूर असला म्हणून फिकी होत नाही, हे तिचे मोल. एसपीटीच्या पहिल्या २५०० चौरस अंशांच्या पाहणीत असे ६७७ संभाव्य समूह सापडले. त्यांची संख्या काळानुसार कशी वाढली यावरून विश्वाचे प्रसरण वेगावणाऱ्या कृष्णऊर्जेबद्दल अंदाज बांधता येतो. विश्वाच्या प्रसरणाचा वेगही या प्रारणावरून काढता येतो. तो सेकंदाला, मेगापार्सेकमागे (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे) ६७ किलोमीटरच्या आसपास येतो, तर जवळचे तारे आणि सुपरनोव्हा मोजून ७३ च्या आसपास. ही फट अजून बुजलेली नाही. माझ्या मते या विषयातला आज सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे.

नारळीकरांबद्दल. होय, त्यांना महास्फोटाची कल्पना पटत नव्हती, आणि ती शंका अभ्यासाची होती. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी स्थिरस्थितीचे, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही या सिद्धांताचे, सुधारित रूप मांडले. ताऱ्यांचा प्रकाश अवकाशातल्या लोखंडाच्या सूक्ष्म सुया शोषून पुन्हा उत्सर्जित करतात आणि त्यातून हे प्रारण तयार होते, असे त्यात होते. मी विद्यार्थिदशेत पुण्यात त्यांची व्याख्याने ऐकली आहेत. प्रतिपक्षाची बाजू इतक्या नीट समजून घेऊन तिच्याशी भांडणारा माणूस मी क्वचितच पाहिला. मला मात्र पुरावा महास्फोटाच्या बाजूने निर्णायक वाटतो, आणि त्यातला एक ध्रुवावरूनच आला. धुके विरताना प्रकाश शेवटचा विखुरला असेल तर त्यात किंचित ध्रुवण, म्हणजे लहरींच्या कंपनाला एका दिशेचा कल, असले पाहिजे, अमुक कोनावर अमुक इतके, असे भाकीत आधीपासून होते. (या ध्रुवणाचा दक्षिण ध्रुवाशी संबंध नाही, मुले इथे गोंधळतात.) २००२ मध्ये ध्रुवावरच्या डॅसी या उपकरणाने ते ध्रुवण पहिल्यांदा मोजले आणि ते भाकिताप्रमाणे निघाले.

ध्रुवणातच पुढची शोधाशोध चालू आहे. विश्वाच्या पहिल्या क्षणी प्रचंड फुगवटा झाला असेल तर त्यातल्या गुरुत्वीय लहरींनी ध्रुवणात एक पिळाचा नमुना सोडला असेल. एसपीटीच्याच इमारतीत तेव्हा बायसेप२ ही छोटी दुर्बीण होती, भिंग जेमतेम २६ सेंटिमीटरचे. १७ मार्च २०१४ रोजी तो नमुना सापडल्याचे जाहीर झाले आणि जगभर पहिल्या पानावर बातमी आली. पुढे हेच प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर २०१५ च्या सुरुवातीला स्पष्ट झाले की त्या संकेताचा मोठा वाटा आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा होता. मला नेहमी वाटते की मुलांना ही गोष्ट ‘शास्त्रज्ञ चुकले’ एवढ्यावर सोडून सांगू नये. मोजमाप अचूक होते. पिळाचा नमुना आकाशात होता, आजही आहे. चूक झाली ती तो कुठून आला हे ठरवण्यात, कारण एकाच लहरीत पाहिले होते आणि धूळ ओळखायला दुसरी लहर लागते. त्याच गटाने मग अनेक लहरींत पाहणारी उपकरणे लावली, आणि गुरुत्वीय लहरींचा वाटा जास्तीत जास्त किती असू शकेल याची २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेली त्यांची मर्यादा पहिल्या दाव्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही खाली आहे.

राहिला मुलीचा मार्ग. भौतिकशास्त्राची पदवी तर हवीच, पण आमच्याकडे माणसे अडतात ती हाताच्या कामात: निर्वात तंत्र, शीत तंत्र, इलेक्ट्रॉनिक्स, आणि नोंदी हाताळायला पायथन. तिला सोल्डरिंग गन आत्ताच हातात द्या. पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था आहेत, तिथल्या उन्हाळी कार्यक्रमांची माहिती ठेवा. अंटार्क्टिकाची ओढ असेल तर गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. आपली मैत्री आणि भारती ही केंद्रे तेच चालवते. ती ध्रुवापासून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, किनाऱ्याच्या बाजूला आहेत, पण २०१० मध्ये मैत्रीहून निघालेले त्यांचे पथक गाड्यांनी दक्षिण ध्रुवापर्यंत जाऊन आले. या प्रारणासाठी ध्रुवच हवा असा हट्ट मात्र तिने धरू नये. २०२४ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान प्रतिष्ठानने तिथल्या जुन्या होत चाललेल्या सोयींची दुरुस्ती आधी करायचे ठरवले आणि नवा मोठा प्रकल्प मागे पडला. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात ५२०० मीटर उंचीवर सायमन्स वेधशाळा चालू आहे, तिथेही याच कौशल्याची गरज आहे.

आणि एक प्रयोग, येत्या उन्हाळ्यात करण्यासारखा. गच्चीवरची वापरात नसलेली छत्री घ्या. तिचा एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा ग्राहक) आणि सेट-टॉप बॉक्स यांच्या मधे छत्री लावणाऱ्यांकडे असतो तो सिग्नल मीटर जोडा. टीव्हीचे उपग्रह आपल्याकडून दक्षिणेला आहेत, म्हणून छत्री उत्तरेच्या मोकळ्या आकाशाकडे वळवा आणि सुई शून्याजवळ आणा. मग छत्री भिंतीकडे फिरवा. सुई चढेल, कारण भिंत तीनशे केल्विनची आहे आणि कोरडे आकाश त्या लहरीत फार गार. एलएनबीचा स्वतःचाच गोंगाट मोठा असल्याने पार्श्वभूमी प्रारण यात सापडणार नाही, पण आकाशाचे तापमान मोजता येते हे मुलांना हाताने कळेल. मेमधल्या निरभ्र दुपारी एक नोंद घ्या, आणि जुलैत काळे ढग भरून आले की त्याच जागी, त्याच दिशेला दुसरी. दोन्ही आकडे मला कळवा.